बेळगाव भागात जागेचं सरकारी मूल्य : कसं काढावं, कसं तपासावं, चुकलं तर कुठं दाद मागावी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जागेच्या व्यवहारात आणि घरपट्टीत लोक बहुधा एकाच ठिकाणी अडकतात. आकडा जास्त आला की माणूस दराशी भांडायला जातो. 'आमच्या गल्लीत एवढा भाव कुठं आहे?' असं विचारतो आणि हात हलवत परत येतो. दर त्या काउंटरवर ठरतच नाही, तो समितीत ठरतो. काउंटरवर दुरुस्त होऊ शकते ती आपल्या जागेची नोंद: क्षेत्रफळ, वापर, छताचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, जमिनीची प्रत (जिरायत, बागायत वगैरे). आकडा फुगतो तोही बहुतेक वेळा या नोंदीमुळेच.

म्हणून पुढचा क्रम मोडू नका. आधी कोणतं मूल्य हवं ते ठरवा, मग हद्द, मग कागद, मग मोजमाप पाहा. दर सगळ्यांत शेवटी.

टप्पा १ : कोणत्या करासाठी मूल्य हवं आहे?

'सरकारी भाव' असा एकच आकडा नसतो. एकाच जागेला वेगवेगळी कार्यालयं वेगवेगळ्या रीतींनी मोजतात, आणि एकाचा कागद दुसऱ्याकडं नेऊन वाद घालण्यात दिवस जातात.

खरेदीपत्र, बक्षीसपत्र अशा दस्तांसाठी लागते ती गायडन्स व्हॅल्यू. कन्नड कागदांवर ती 'मार्गसूची बेले' म्हणून दिसते. कर्नाटक मुद्रांक कायदा १९५७ च्या कलम ४५-बी खाली केंद्रीय मूल्यांकन समिती आणि तिच्या तालुका पातळीवरच्या उपसमित्या हे दर ठरवतात.

शहरातली घरपट्टी भांडवली मूल्यावर निघते. गायडन्स व्हॅल्यूचा कायद्याने ठरवलेला हिस्सा आधार धरायचा, इमारतीचं वय पाहून घसारा वजा करायचा आणि त्यावर त्या महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा टक्का लावायचा, अशी ती रीत आहे. म्हणजे गायडन्स व्हॅल्यू आणि घरपट्टी एकमेकांशी जोडलेल्या आहेत, पण त्या एक नाहीत.

कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड वार्षिक भाडेमूल्य धरतं. शेतजमिनीच्या उताऱ्यावर जो 'आकार' दिसतो तो जुन्या जमाबंदीतला शेतसारा असतो. आजच्या बाजारभावाशी त्याचा काही संबंध नाही. आयकर खातं आणखी वेगळ्या नजरेनं पाहतं, ते टप्पा ८ मध्ये येईल.

सावधान : चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरच्या पाहुण्यांनी सांगितलेला रेडी रेकनरचा हिशेब इथं लावू नका. रेडी रेकनर हा महाराष्ट्राचा दरतक्ता आहे. नोंदणी शुल्क, उपकर, सवलती, सगळंच दोन्हीकडं वेगळं आहे. जमीन ज्या राज्यात, नियम त्या राज्याचे. मालक कुठं राहतो हे इथं पाहिलं जात नाही.

टप्पा २ : जागा नेमकी कुणाच्या हद्दीत आहे?

शहापूर, टिळकवाडी, अनगोळ, वडगाव हा महापालिकेचा भाग. कॅम्प कॅन्टोन्मेंटचा. उपनगरांच्या कडेला मात्र एका रस्त्याची डावी बाजू महापालिकेत आणि उजवी ग्रामपंचायतीत असं सर्रास आहे. हिंडलगा, कंग्राळी, येळ्ळूरच्या बाजूला प्लॉट घेणाऱ्यांनी 'बेळगावात आहे' एवढ्या तोंडी शब्दावर जाऊ नये. हद्द बदलली की घरपट्टीची रीत बदलते, मुद्रांकावरचा अधिभार बदलतो आणि उताराही वेगळ्या प्रणालीतून निघतो. महापालिका आणि नगरपालिकांचा उतारा ई-आस्थीतून मिळतो, ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तूतून.

तपासणी : शेवटच्या घरपट्टी पावतीवर कुठल्या संस्थेचं नाव आहे? उताऱ्यावर तीच आहे का? पावती पंचायतीची आणि उतारा नगरपालिकेचा असेल तर इथंच थांबा. हद्दवाढीनंतर नोंद पूर्ण हलली नाही, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. ती आधी हलवून घ्या.

टप्पा ३ : कागद याच क्रमाने गोळा करा

पहिला कागद मालकीचा : खरेदीपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, जे असेल ते. दुसरा उतारा. शहरात ई-खाता (ई-आस्थीतून निघणारा मिळकतीचा उतारा), जुन्या पेठांत सीटीएस नंबराचा सिटी सर्व्हेचा उतारा, गावठाणात आणि पंचायत हद्दीत नमुना ९ व ११, शेतीला आरटीसी, म्हणजे आपण पहाणी म्हणतो तो उतारा. तिसरा नकाशा : मंजूर बांधकाम नकाशा, आणि सर्व्हे नंबरातला तुकडा विकायचा असेल तर ११-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा. चौथी घरपट्टीची मागच्या काही वर्षांची चलनं. ईसी, म्हणजे जागेवरचे बोजे आणि व्यवहार दाखवणारा दाखला, शेवटी काढा, कारण ती व्यवहाराच्या तारखेपर्यंतची लागते.

हे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि चार गोष्टी आडव्या वाचा : नाव, क्षेत्रफळ, चतुःसीमा, वापर. चतुःसीमेला कन्नड उताऱ्यावर 'चक्कुबंदी' लिहिलेलं असतं. आजोबांच्या नावावर राहिलेला खाता, आडनाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, खरेदीपत्रात ३० बाय ४० आणि खात्यात ३० बाय ४५, असल्या फरकांची एका कोऱ्या कागदावर यादी करा. पुढचं सगळं काम याच यादीवर चालतं.

हे आधी का करायचं? नोंदणीची कावेरी २.० प्रणाली भूमी (शेतीच्या उताऱ्यांची प्रणाली), ई-स्वत्तू आणि ई-आस्थी यांना जोडलेली आहे. उताऱ्यातलं क्षेत्रफळ तिथून तसंच्या तसं दस्तात उतरतं. उताऱ्यात चूक असेल तर ती मुद्रांकात शिरते, तिथून आयकरात. खरेदीच्या दिवशी सब-रजिस्ट्रारसमोर उतारा दुरुस्त होत नाही, त्याचं कार्यालयच वेगळं आहे.

सावधान : घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. वर्षानुवर्षं घरपट्टी भरली म्हणून खाता आपला होत नाही. आणि नमुना ११-ब असेल तर तो ११-अ इतकाच भक्कम आहे असं समजून पैसे देऊ नका. ज्या मिळकती रीतसर मंजूर वसाहतीत किंवा गावठाणात बसत नाहीत, त्या ११-ब मध्ये नोंदलेल्या असतात.

टप्पा ४ : मोजमाप

या टप्प्याला घाई करू नका. सगळ्यांत जास्त पैसे इथंच वाया जातात.

शेतजमीन. आरटीसीवर क्षेत्र एकर-गुंठे-आणे असं लिहितात. ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. उताऱ्यावर २-१५ असेल तर ते २ एकर १५ गुंठे, म्हणजे २.३७५ एकर. गणकयंत्रात २.१५ टाकणारे पुष्कळ आहेत. तेवढ्यानं ९ गुंठे हिशेबातून गळतात आणि ऐनवेळी रक्कम कमी पडते. खराब क्षेत्राचा रकाना वेगळा असतो, तोही पाहा.

प्लॉट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. कन्नडमध्ये चौरस फुटाला 'चदर अडी' आणि चौरस मीटरला 'चदर मीटर' म्हणतात. दराच्या तक्त्यात कुठलं एकक आहे ते वाचल्याशिवाय गुणाकार करू नका.

इमारत. प्रत्येक मजला वेगळा मोजा आणि बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत बांधीव क्षेत्र काढा. बिल्डरच्या पत्रकातलं सुपर बिल्टअप किंवा खोल्यांचं आतलं क्षेत्र इथं चालत नाही. प्रत्येक मजल्यापुढं तीन गोष्टी लिहा : छत कशाचं, कुठल्या साली बांधला, आज वापर कसला.

छताचा प्रकार फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांना मातीच्या भिंती आणि मंगळुरी कौलं, मध्ये चौक, मागं परसू. पुढच्या एका खोलीवर कधीतरी स्लॅब पडला की सगळं घर आरसीसी म्हणून नोंदलं जातं. कौलारू आणि पत्र्याच्या बांधकामाचा दर स्लॅबपेक्षा कमी असतो, आणि जुन्या भागाला घसाराही जास्त मिळतो. दोन्ही भाग वेगळे नोंदवून घेणं हा आपला हक्क आहे. त्यासाठी पुढून, मागून आणि छताचे असे तारखेसह फोटो काढून ठेवा.

वापराचंही तसंच. वडगाव, खासबाग, शहापुरात पुढं माग आणि मागं संसार अशी घरं आहेत. मागाच्या खोलीमुळं अख्खं घर बिगरनिवासी धरलं गेलं तर घरपट्टी एकदम चढते. गाळा, माग, भाड्याची खोली आणि राहतं घर यांचं क्षेत्र वेगवेगळं लिहा. गाळा लपवून मात्र काही लिहू नका. स्वयंमूल्यांकनात खोटी माहिती सापडली तर फरक दंडासह वसूल होतो, आणि मग तुमच्या खऱ्या हरकतीलाही कुणी किंमत देत नाही.

तपासणी : जमिनीचं क्षेत्र, प्रत्येक मजल्याचं क्षेत्र, छत, वर्ष, वापर. हे पाचही आकडे-शब्द एका कागदावर आले का? आले तरच पुढं चला.

टप्पा ५ : गायडन्स व्हॅल्यूचा दर शोधणे

नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातलं महसुली मंडळ), गाव किंवा विभाग निवडून दर पाहता येतात. छापील अधिसूचना सब-रजिस्ट्रार ऑफिसात असते. राज्यभर १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित दर लागू झाले. त्याआधीचा तक्ता कुणी मोबाईलवर पाठवला तर तो बाजूला ठेवा. आपल्या दस्ताच्या दिवशी कोणती अधिसूचना लागू आहे, एवढं पाहा.

शेतीला तीन मुख्य प्रती दिसतील : खुष्की, म्हणजे आपली जिरायत, तरी, म्हणजे पाण्याखालची भाताची जमीन, आणि बागायत. उताऱ्यात विहिरीची किंवा उसाची जुनी नोंद असेल तर आज कोरडवाहू असलेल्या रानालाही बागायतीचा दर लागतो. निपाणी-चिकोडी पट्ट्यात हे नेहमी होतं. खानापूरकडं माळाची जमीन भाताच्या प्रतीत बसवली जाते. पिकाचा रकाना आणि पाण्याच्या साधनाचा रकाना खरेदीच्या काही महिने आधी तपासा, कारण त्यातली दुरुस्ती तलाठ्याच्या पाहणीवर अवलंबून असते.

शहरात दर रस्त्याप्रमाणे किंवा वसाहतीप्रमाणे असतो. 'निवेशन' म्हणजे प्लॉट, 'वास' म्हणजे राहण्याचा वापर, 'वाणिज्य' म्हणजे व्यापारी. हमरस्त्याचा दर वेगळा, आतल्या गल्लीचा वेगळा. तुमच्या घराचं दार गल्लीत उघडतं पण पत्त्यात हमरस्त्याचं नाव आहे, तर हमरस्त्याचा दर लागण्याची भीती असते. दस्तात चतुःसीमा लिहिताना कोणत्या बाजूला किती रुंदीचा कोणता रस्ता आहे हे स्पष्ट लिहा.

यानंतरचं पान बहुतेक जण उघडतच नाहीत : अधिसूचनेसोबतच्या विशेष सूचना. कोपऱ्याचा प्लॉट, महामार्गालगतची शेती, एनए (बिगरशेती) झालेली पण प्लॉट न पाडलेली जमीन, बांधकामाचे दर आणि वयानुसार घसारा, हे सगळं तिथं असतं. मुख्य तक्त्यातला दर हा कच्चा आकडा समजा. विशेष सूचना लावल्यावरच तो पक्का होतो. यादीत तुमच्या भागाचं नावच नसेल तर लगतच्या कोणत्या भागाचा दर लावला ते विचारा आणि लिहून घ्या.

टप्पा ६ : मुद्रांकाचा हिशेब, एका उदाहरणासह

नियम साधा आहे. ठरलेली किंमत आणि गायडन्स व्हॅल्यू यांत जी रक्कम जास्त, तिच्यावर मुद्रांक. सर्वसाधारण खरेदीपत्राला मुद्रांक शुल्क ५ टक्के. त्या शुल्कावर १० टक्के उपकर, आणि शुल्कावरच शहरी भागात २ टक्के, ग्रामीण भागात ३ टक्के अधिभार. म्हणून शहरात ५.६ आणि खेड्यात ५.६५ टक्के पडतात. नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्यावरून २ टक्के झालं आहे. जुने हिशेब इथंच चुकतात.

समजा, ३० बाय ४० चा प्लॉट आणि त्यावर ९०० चौरस फुटांचं घर. प्लॉट १,२०० चौरस फूट, म्हणजे १११.४८ चौरस मीटर. दर २०,००० रुपये चौरस मीटर धरू : जमीन २२,२९,६०० रुपये. बांधकामाचा दर १,२०० रुपये चौरस फूट धरू : १०,८०,००० रुपये. वयानुसार घसारा २० टक्के धरला तर इमारत ८,६४,००० रुपये. एकूण गायडन्स व्हॅल्यू ३०,९३,६०० रुपये. हे दर केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. तुमचे दर तुमच्या तक्त्यातून घ्या.

व्यवहार ठरला २८ लाखांना. मुद्रांक मात्र ३०,९३,६०० वर : ५.६ टक्क्यांनी सुमारे १,७३,२४२ रुपये, आणि नोंदणी शुल्क ६१,८७२ रुपये. एकूण २,३५,११४ रुपये.

आता घर खात्यात दाखवलंय त्यापेक्षा जुनं निघालं आणि घसारा २५ टक्के बसला असं धरा. इमारत ८,१०,००० रुपयांवर येते, एकूण ३०,३९,६०० रुपयांवर. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क मिळून फरक सुमारे चार हजारांचाच पडतो. पण हा आकडा लक्षात ठेवा, टप्पा ८ मध्ये तो फार मोठं काम करतो.

कावेरीत माहिती आधी ऑनलाइन भरायची, सब-रजिस्ट्रार ती पाहून परत पाठवतो, मग पैसे भरायचे आणि वेळ घ्यायची, असा क्रम आहे. माहिती परत आल्यावर मूल्याचं पान बाँड रायटरच्या (दस्त लिहून देणाऱ्याच्या) भरवशावर सोडू नका. क्षेत्र, एकक, छत, वर्ष हे चार रकाने स्वतः वाचा. पैसे भरल्यानंतरची दुरुस्ती हा लांबचा रस्ता आहे.

सावधान : कमी किंमत लिहून उरलेली रोख देण्याचा सल्ला ऐकू नका. गायडन्स व्हॅल्यूच्या खाली मुद्रांक जात नाहीच. वर, भूसंपादन झालं तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्यासाठी आधीच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीपत्रं पाहिली जातात. हलगा-मच्छे बायपासनंतर भूसंपादन म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कमी लिहिलेलं एक खरेदीपत्र शेजारच्या दहा शेतकऱ्यांचा मोबदला खाली ओढू शकतं.

टप्पा ७ : घरपट्टीचं स्वयंमूल्यांकन

महापालिका आणि नगरपालिकांत माहिती मालकानंच द्यायची असते. चलन हातात आलं की एकूण रकमेकडं नंतर पाहा. आधी पीआयडी (मिळकतीचा ओळख) क्रमांक, प्लॉटचं क्षेत्र, प्रत्येक मजल्याचं बांधीव क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, वर्ष आणि वापर तुमच्या टप्पा ४ च्या कागदाशी लावून पाहा. इमारतीच्या मानानं मोकळी जागा बरीच असेल तर तिच्यावर वेगळी आकारणी होते, म्हणून तिचं क्षेत्रही बरोबर हवं. रकमेत मूळ कराशिवाय आरोग्य, ग्रंथालय आणि भिकारी निवारण हे उपकर, शिवाय कचऱ्याचं शुल्क मिळवलेलं असतं. कर वाढला की उपकरही वाढतात, म्हणून नोंदीतली एक चूक बिलात अनेक ओळींत दिसते.

वेळ : एप्रिलमध्ये पूर्ण कर भरला तर ५ टक्के सूट. मे-जूनमध्ये सूट नाही, दंडही नाही. जुलैपासून दरमहा २ टक्के दंड. हरकत असेल तर ती मार्चमध्येच तयार ठेवा. चूक दुरुस्त होईपर्यंत कर थकवून बसणं तोट्याचं आहे. हरकतीचा अर्ज देऊन त्याची पोच घ्या, चलन भरा आणि पावतीची प्रत अर्जाला जोडा. दुरुस्ती झाल्यावर जास्तीची रक्कम पुढच्या वर्षात वळती करण्याची मागणी त्याच अर्जात लिहा.

पंचायत हद्दीत काम पीडीओकडं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडं. नमुना ९ मधलं क्षेत्र आणि वापर तपासा, कराची मागणी लेखी मागा. पावती संगणकीय घ्या.

कॅम्पमध्ये मात्र डोकं वेगळं चालवावं लागतं. तिथं कॅन्टोन्मेंट कायदा २००६ लागू आहे आणि घर भाड्यानं दिलं तर वर्षाला वाजवी किती येईल यावर कर बसतो. गायडन्स व्हॅल्यूचा तक्ता तिथं दाखवून उपयोग नाही. लगतच्या तशाच घरांचे भाडेकरार आणि त्यांची कर आकारणी हाच तिथला पुरावा. मूल्यांकनाची यादी जाहीर झाली की नोटिशीतल्या मुदतीत हरकत गेलीच पाहिजे.

टप्पा ८ : तीच गायडन्स व्हॅल्यू आयकरात

खरेदीखत झालं की विषय संपला असं विकणाऱ्याला वाटतं. आयकरात गायडन्स व्हॅल्यू पुन्हा येते. आयकर कायदा १९६१ च्या कलम ५०-सी प्रमाणे (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू, कलमांचे आकडे बदललेले) मुद्रांकाचं मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल, तर विक्रीची किंमत म्हणून मुद्रांकाचं मूल्यच धरतात. घेणाऱ्यालाही हा फरक ५० हजारांपेक्षा आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो.

आता वरचं उदाहरण पुन्हा घ्या. किंमत २८ लाख, १० टक्के म्हणजे २,८०,०००. गायडन्स व्हॅल्यू ३०,९३,६०० असताना फरक २,९३,६०० रुपये. मर्यादा ओलांडली, दोघांच्याही हिशेबात तो पूर्ण फरक येतो. इमारतीचं वय बरोबर लावून मूल्य ३०,३९,६०० झालं तर फरक २,३९,६०० रुपये. मर्यादेच्या आत, कुणालाच काही नाही. बांधकामाच्या वर्षाचा एक रकाना दोन घरांच्या करावर एवढा परिणाम करतो.

आणखी तीन गोष्टी. संचकारपत्र (विसार देऊन केलेला खरेदीचा करार) एका दरात आणि खरेदीपत्र दर वाढल्यावर झालं, तर संचकाराच्या दिवशीचं मूल्य धरता येतं. अट अशी की त्या दिवशी किंवा त्याआधी काही रक्कम बँकेतून गेलेली हवी. रोख संचकाराला ही सवलत मिळत नाही. दुसरी, किंमत किंवा मुद्रांक मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस कापायचा. ग्रामीण शेतजमिनीला हे लागू नाही. तिसरी, २००१ च्या आधीपासूनची वडिलार्जित जागा विकताना १ एप्रिल २००१ चं मूल्य मूळ किंमत म्हणून धरता येतं, पण त्या दिवशीच्या गायडन्स व्हॅल्यूपेक्षा ते जास्त धरता येत नाही. त्या वर्षीचा दर सब-रजिस्ट्रार ऑफिसातून लेखी मागून ठेवा. विकायच्या आधी मागा, विवरणपत्राच्या शेवटच्या आठवड्यात नको.

शेतजमीन विकणाऱ्यांनी अंतर मोजावं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर एक लाख ते दहा लाखांच्या गटात येतं. त्या गटाला शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आतली शेती आयकराच्या दृष्टीनं भांडवली मालमत्ता ठरते. दहा हजारांहून जास्त आणि एक लाखापर्यंत वस्तीच्या गावांना हे अंतर २ किलोमीटर आहे. रस्त्यानं १० किलोमीटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सरळ रेषेतल्या अंतराचा दाखला काढा.

टप्पा ९ : हरकत घ्यायची तर

दर जास्त आहे, अशी हरकत असेल तर ती एकाच काळात चालते : नवे दर मसुदा म्हणून जाहीर होतात तेव्हा. मुदत थोडी असते, साधारण पंधरा दिवस. मसुदा सब-रजिस्ट्रार आणि तहसीलदार कार्यालयात पाहायला मिळतो. तिथं एकट्यानं 'दर कमी करा' लिहिण्यापेक्षा गल्लीतल्या चार-पाच जणांनी मिळून आपल्या भागातली अलीकडची खरेदीपत्रं जोडावीत. समितीसमोर त्या आकड्यांना वजन असतं.

आपल्या जागेला मूल्य चुकीचं लावलंय, अशी हरकत असेल तर रस्ता कलम ४५-ए चा. सब-रजिस्ट्रार त्याच्या मते योग्य मूल्य कळवतो. ते मान्य नसेल तर नोंदणी थांबते आणि प्रकरण जिल्हा निबंधकाकडं जातं. तिथं पुरावा लागतो : जागेला वाट नसल्याचा नकाशा, सखल जागेत पावसाचं पाणी साचल्याचे फोटो, जुना भाडेकरू असल्याचा करार, शेजारच्या जागांची खरेदीपत्रं, नोंदणीकृत मूल्यमापकाचा अहवाल. वेळ लागेल हे धरून चला, आणि संचकारपत्रात खरेदीची मुदत त्या हिशेबानं ठेवा. नाहीतर हरकत चालू असतानाच व्यवहार मोडतो.

नोंद चुकीची आहे, ही हरकत सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जास्त यशस्वी होणारी. अर्जात भाषण नको. तीन रकाने आखा : कार्यालयाच्या नोंदीत काय आहे, प्रत्यक्षात काय आहे, पुरावा कोणता. खाली सही, तारीख आणि जोडलेल्या कागदांची यादी.

भाषेबद्दल. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे आपली तक्रार संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठीत अर्ज द्या. काम लवकर पुढं जावं म्हणून तीन रकान्यांच्या तक्त्याची कन्नड प्रत सोबत जोडणं शहाणपणाचं. तक्ता असल्यानं ती करून घेणं सोपं जातं. कन्नड नोटीस न कळता तिच्यावर सही मात्र करू नका. कळणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या आणि मुदतीची तारीख आधी पाहा.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. खाता बदलासारख्या सेवा 'सकाळ' कायद्यात, म्हणजे सरकारी सेवा ठरल्या मुदतीत देण्याच्या कर्नाटकच्या कायद्यात येतात. त्यांचा सकाळ क्रमांक मागून घ्या, त्यावर मुदत कळते. मुदत उलटली तर त्याच कायद्यातलं अपील आहे. मूल्य कसं काढलं हेच कुणी सांगत नसेल तर माहिती अधिकारात मूल्यांकनाच्या पानाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

तपासणी : दुरुस्तीचा आदेश मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. पंधरा दिवसांनी नवा उतारा काढा आणि बदल प्रणालीत चढला का ते पाहा. आयकर विवरणपत्र भरून झालं असेल तर सल्लागाराला आदेशाची प्रत द्या. पुढच्या एप्रिलचं चलन निघालं की आधी क्षेत्र, छत, वर्ष आणि वापर हे रकाने वाचा, मगच पैसे भरा.